जुलैच्या दमट हवेत पॉलिइथिलीन: झिर्कोनोसीनचा प्रयोग पायरी-पायरीने

जुलै महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत टेबलावर 250 मिलिलिटरचा एक रिकामा फ्लास्क ठेवा. तापमान 28 अंश, सापेक्ष आर्द्रता 90 टक्के. फ्लास्क कोरडा दिसतो, पण त्यातल्या हवेत साधारण 6 मिलिग्रॅम पाणी असतं, म्हणजे 340 मायक्रोमोल. या लेखातल्या प्रयोगात इथिलीन वायूपासून पॉलिइथिलीन बनवायला आपण झिर्कोनियम वापरणार आहोत 5 मायक्रोमोल. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या हवेतून, धातूच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे जवळजवळ सत्तर रेणू येऊन बसलेले असतात. ऑक्सिजन त्याशिवाय, तोही 2 मिलिमोलच्या आसपास.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मुलं आली की हा हिशेब मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून फळ्यावर करून घेते. पुस्तकात या प्रयोगाची कृती चार ओळींची असते: टोल्युइन घ्या, एमएओ घाला, इथिलीन सोडा, झिर्कोनोसीन घाला. (टोल्युइन हे द्रावक; झिर्कोनोसीन म्हणजे दोन कार्बनी वलयांमध्ये धरलेलं झिर्कोनियम, हा आपला उत्प्रेरक; एमएओ म्हणजे त्याला जागं करणारं अ‍ॅल्युमिनियमचं संयुग.) ती चार ओळींची कृती कोरड्या, थंड देशात लिहिलेली आहे. आपल्याकडे तिच्या आधी आणखी दोन दिवसांचं काम असतं, आणि प्रयोग जमतो की फसतो ते त्या दोन दिवसांतच ठरतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दोन दिवसांबद्दल आहे.

आधी थोडं, काय घडतं त्याबद्दल

गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलरची दोरखंडं पाहिली असतील. पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. पॉलिप्रोपिलीनची घनता 0.90 ते 0.91, समुद्राच्या पाण्याची 1.025 आणि नायलॉनची 1.14 च्या आसपास. कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) ठिबकच्या नळ्या, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या टाक्या हे सगळं इथिलीन आणि प्रोपिलीन या दोन साध्या वायूंपासून येतं. त्यातला मोठा हिस्सा धातू-कार्बन बंध असलेल्या उत्प्रेरकांवर तयार होतो.

यंत्रणा कोसी आणि आर्लमन यांनी 1964 मध्ये मांडली आणि तिचा गाभा आजही टिकून आहे. धातूच्या अणूवर एका बाजूला वाढती साखळी असते आणि शेजारी एक जागा रिकामी असते. ओलेफिनचा, म्हणजे इथिलीन-प्रोपिलीनसारखा, रेणू आपला दुहेरी बंध त्या रिकाम्या जागेकडे करून बसतो. मग साखळी धातू सोडून त्या रेणूवर सरकते आणि साखळी दोन कार्बनांनी लांब होते. साखळीची मूळ जागा रिकामी होते, तिथे पुढचा रेणू येतो. हे सेकंदाला हजारो वेळा होऊ शकतं. साखळी तुटते ती बहुधा बीटा कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे किंवा पुढच्या इथिलीनकडे गेल्यामुळे. कारखान्यात साखळीची लांबी आवरण्यासाठी मुद्दाम हायड्रोजन वायू सोडतात.

सगळा खेळ त्या रिकाम्या जागेचा आहे, आणि पाणी, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, अ‍ॅसिटिलीन, गंधकाची संयुगं या सगळ्यांना नेमकी तीच जागा हवी असते.

या विषयाच्या इतिहासात मला फार ओढ लावणारी एक गोष्ट आहे: मोठे शोध अशुद्धीतून लागले. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाखाली इथिलीनपासून पांढरा मेणचट पदार्थ मिळाला, पण तो पुन्हा पुन्हा मिळेना. पुढे कळलं की तिथे साखळी सुरू करणारा घटक अंशमात्र ऑक्सिजन होता. कार्ल झीग्लर जर्मनीत म्युल्हाइमला अ‍ॅल्युमिनियम अल्काइलवर इथिलीनच्या साखळ्या वाढवत होते. एकदा साखळी वाढायच्या ऐवजी सगळं ब्युटीनवरच थांबलं. कारण ऑटोक्लेव्हमध्ये निकेलचे अंश राहिले होते. निकेल असं करतं तर बाकीचे धातू काय करतात, हे त्यांच्या गटाने एकेक करून तपासलं आणि 1953 मध्ये झिर्कोनियम आणि टायटॅनियमपाशी पोचले. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये जुलिओ नात्तांनी प्रोपिलीनपासून नियमित रचनेचं, स्फटिकी पॉलिमर मिळवलं. दोघांना 1963 चं नोबेल मिळालं. आणि आपल्या प्रयोगातला एमएओ, म्हणजे मिथाइलअ‍ॅल्युमिनॉक्सेन, हाही हॅम्बुर्गमध्ये झिन आणि कामिन्स्की यांच्या गटाला सत्तरच्या दशकात असाच सापडला. ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियमच्या नमुन्यात चुकून पाणी गेलं, आणि मेटॅलोसीनची, म्हणजे झिर्कोनोसीनसारख्या उत्प्रेरकांची, मरगळलेली अभिक्रिया एकदम धडाक्यात सुरू झाली. पाण्यामुळे एमएओ बनला होता.

मुलं विचारतात, मग पाण्याला इतकं का घाबरायचं? मोजून, ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियमवर, गार करून घातलेलं पाणी वेगळं आणि नळीतून नकळत शिरलेलं पाणी वेगळं.

सुरक्षितता, आणि इथे घाई नको

ट्रायइथाइल अ‍ॅल्युमिनियम शुद्ध स्वरूपात हवा लागताच पेट घेतं. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ते शुद्ध स्वरूपात आणूच नका. लागलंच तर हेक्झेनमधलं विरळ द्रावण. एमएओचं टोल्युइनमधलं 10 टक्के द्रावणही पाण्याशी जोरात अभिक्रिया करून मिथेन सोडतं. अशा आगीवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही वर्ज्य. कोरड्या वाळूची बादली आणि धातूंच्या आगीसाठीचं ड्राय पावडर फ्यूम हूडच्या शेजारी हवं. वाळू खरोखर कोरडी हवी, पावसाळ्यात बादलीवर झाकण ठेवा. इथिलीन हवेत 2.7 ते 36 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटू शकतो, म्हणून सिलिंडर साखळीने बांधलेला, जवळ ज्योत नाही, आणि सगळं काम हूडमध्ये. ही पद्धत पहिल्यांदा करताना ज्याने ती आधी केली आहे असं माणूस शेजारी उभं असलंच पाहिजे. एकट्याने, सुट्टीच्या दिवशी हा प्रयोग करू नये.

पायरी 1: उत्प्रेरक निवडा

टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम अल्काइल ही जुनी जोडी स्वस्त आहे. पण टायटॅनियम टेट्राक्लोराइडची बाटली आपल्या हवेत उघडली की क्षणात पांढरा धूर सुटतो, तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक कणांचा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो. शिवाय त्या उत्प्रेरकावर अनेक प्रकारच्या सक्रिय जागा असतात, त्यामुळे मिळणाऱ्या साखळ्या लहान-मोठ्या, विस्कळीत. निकेलचे डायइमिन उत्प्रेरक, जे ब्रुकहार्ट यांनी 1995 मध्ये दाखवले, ते फार सुंदर आहेत. त्यांत धातू साखळीवरून चालत मागे जातो आणि नुसत्या इथिलीनपासून फांद्या असलेलं पॉलिमर देतो. पण लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, आधी बनवावा लागतो.

पहिल्या प्रयोगासाठी माझं मत स्पष्ट आहे: झिर्कोनोसीन डायक्लोराइड आणि एमएओ. झिर्कोनोसीन डायक्लोराइड ही पांढरी स्फटिकी भुकटी आहे, वजन करण्यापुरती हवेत काढली तर चालते, विकत मिळते, आणि तिची सक्रिय जागा एकाच प्रकारची असल्याने निकालाचा अर्थ लावता येतो.

पायरी 2: हिशेब आधी, काच नंतर

झिर्कोनोसीन डायक्लोराइडचं रेणुवस्तुमान 292.3. 5 मायक्रोमोल म्हणजे 1.46 मिलिग्रॅम, आणि एवढं वजन कुणी भरवशाने करू शकत नाही. म्हणून 14.6 मिलिग्रॅम घेऊन कोरड्या टोल्युइनमध्ये 10 मिलिलिटर द्रावण करा. त्यातला 1 मिलिलिटर म्हणजे 5 मायक्रोमोल.

एमएओ अ‍ॅल्युमिनियम-झिर्कोनियम गुणोत्तर 1000 धरून 5 मिलिमोल लागेल. 10 टक्के द्रावणात अ‍ॅल्युमिनियम लिटरमागे साधारण 1.5 मोल असतं, म्हणजे 3.3 मिलिलिटर. बाटलीवरचा आकडा पाहूनच शेवटचा हिशेब करा. जुन्या बाटलीत जेल धरलेलं दिसलं तर ती वापरू नका.

हजारपट एमएओ कशाला? त्याची तीन कामं आहेत. तो क्लोरीन काढून मिथाइल देतो, मग एक गट ओढून घेऊन झिर्कोनियमला धनभारित करतो, म्हणजेच रिकामी जागा तयार करतो. आणि तिसरं, टोल्युइनमध्ये उरलेलं पाणी स्वतःवर घेतो. 100 मिलिलिटर टोल्युइन 10 पीपीएमपर्यंत सुकवलं, तरी त्यात 48 मायक्रोमोल पाणी उरतं, झिर्कोनियमच्या जवळजवळ दहापट. एमएओ नसता तर उत्प्रेरक मारायला एवढंही पुरलं असतं. आणि बाजारातून आणलेलं, पाण्याने संपृक्त झालेलं टोल्युइन तसंच ओतलं तर त्यात 2 मिलिमोलहून जास्त पाणी असतं, म्हणजे निम्मा एमएओ तिथेच संपला.

पायरी 3: कोरडं करणं

आमच्या घरी मे महिन्यात पुरुमेंत व्हायचं, पावसाळ्याची बेगमी. आई बरण्या आधी धुऊन उन्हात दोन दिवस तापवायची, गरम असतानाच त्यांत सोलं (सुकवलेली कोकमं) आणि सुकी मासळी भरायची, आणि झाकणावर फडकं घट्ट बांधायची. बरणी थंड झाल्यावर भरली की आत दमटपणा राहतो, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर असतो आणि तो नुसत्या निर्वाताने सुटत नाही, उष्णता लागते. श्लेंक फ्लास्कचं, म्हणजे बाजूला चावी असलेल्या आपल्या फ्लास्कचं, तेच आहे.

सगळी काच आदल्या रात्री 120 ते 130 अंशांच्या ओव्हनमध्ये. टेफ्लॉनच्या चाव्या आणि रबरी वस्तू वेगळ्या काढून. सकाळी फ्लास्क गरम असतानाच लाइनला (निर्वात आणि नायट्रोजन दोन्ही देणाऱ्या नळ्यांच्या मांडणीला) जोडा आणि निर्वात करा, नायट्रोजन भरा, असं तीनदा. निर्वात असताना हीट गनने काच बाहेरून पुन्हा तापवा. पावसाळ्यात मी तीनाऐवजी पाच वेळा करते.

मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे, 3 अँगस्ट्रॉमचेच घ्या. त्या छिद्रांत पाणी शिरतं, टोल्युइन आणि इथिलीन शिरत नाहीत. दुकानातून आलेले सीव्ह आधीच पाणी प्यायलेले असतात, त्यामुळे ते 250 ते 300 अंशांवर निर्वातात रात्रभर तापवल्याशिवाय उपयोगाचे नाहीत. टोल्युइनच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्शाइतके सीव्ह घालून, नायट्रोजनखाली, किमान 24 तास ठेवा. त्याआधी टोल्युइनमधून अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढा. तुमच्याकडे पाणी मोजणारं कार्ल फिशर यंत्र असेल तर 10 पीपीएमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथिलीनसाठी दोन स्तंभ: एक 3 अँगस्ट्रॉम सीव्हचा, एक ऑक्सिजन शोषणाऱ्या, आधी हायड्रोजनने क्षपण केलेल्या तांब्याचा. गोव्यात इथिलीन तयार करणारा कारखाना नाही, सिलिंडर बाहेरून येतो, तेव्हा मागणी आधीच नोंदवा आणि पॉलिमरायझेशनच्या दर्जाचा वायूच मागवा. फळं पिकवायला मिळणारा इथिलीन इथे चालणार नाही.

आता जी चूक आम्हाला तीन आठवडे नडली ती सांगते. काच कोरडी, टोल्युइन कोरडं, वायू शुद्ध, तरी पॉलिमर शून्य. शेवटी सापडलं ते असं: स्तंभ आणि फ्लास्क यांच्यामधली नळी. दीड मीटर लांबीची पातळ सिलिकॉन रबरी नळी होती. सिलिकॉन रबरातून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन सहज आरपार येतात, आणि बाहेर जुलै होता. नळी टेफ्लॉनची आणि हातभर लांबीची केली, त्याच दिवशी फ्लास्कमध्ये पांढरं दिसलं. तेव्हापासून माझा नियम आहे की शुद्धीकरणाचे स्तंभ फ्लास्कच्या जितके जवळ ठेवता येतील तितके ठेवायचे.

आणखी एक, खास आपल्याकडचं. पावसात वीज जाते. व्हॅक्यूम पंप बंद पडला की पंपातलं तेल लाइनमध्ये उलटं चढतं. पंप आणि ट्रॅप (वाफा गोठवून अडवणारं भांडं) यांच्यामध्ये हवा सोडायची चावी ठेवा आणि वीज जाताच ट्रॅपची बाजू बंद करून ती उघडा. ट्रॅप द्रव नायट्रोजनचा असेल तर त्यातून हवा किंवा आरगॉन कधीही ओढू नका: ऑक्सिजन उणे 183 अंशांवर आणि आरगॉन उणे 186 वर द्रव होतो, द्रव नायट्रोजन उणे 196 वर असतो. फिकट निळा द्रव दिसला की तो ऑक्सिजन आहे असं समजून ट्रॅप द्रव नायट्रोजनमधून काढू नका, हूडची काच खाली घ्या, खोली रिकामी करा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

पायरी 4: प्रत्यक्ष प्रयोग

फ्लास्क 25 ते 30 अंशांच्या पाण्याच्या बाथमध्ये ठेवा. अंडाकृती, वजनदार चुंबकी स्टरर घ्या, कारण पॉलिमर घट्ट होऊ लागलं की लहान चुंबक अडकतो. नायट्रोजनखाली 95 मिलिलिटर टोल्युइन, मग सिरिंजने 3.3 मिलिलिटर एमएओ. पाच मिनिटं ढवळा. फ्लास्क क्षणभर निर्वात करून इथिलीन सोडा, असं दोनदा, मग जोरात ढवळत दहा मिनिटं टोल्युइन इथिलीनने संपृक्त होऊ द्या. बाहेर जाणारा मार्ग तेलाच्या बबलरमधून उघडाच राहिला पाहिजे. काचेचं भांडं बंद करून दाब वाढवू नका.

आता झिर्कोनोसीनच्या द्रावणाचा 1 मिलिलिटर, आणि घड्याळ सुरू.

उत्प्रेरक जिवंत असेल तर पहिली खूण बबलरमध्ये दिसते. बुडबुडे मंदावतात, तेल आत ओढलं जाऊ लागतं, कारण द्रावण वायू पिऊ लागलेलं असतं. लगेच इथिलीनचा प्रवाह वाढवा, नाहीतर बाहेरची हवा आत येईल. मिनिटा-दोन मिनिटांत द्रावण दुधाळ होतं, मग पांढरे कण दिसतात. हा क्षण मी इतक्या वेळा पाहिला आहे, तरी दर वेळी हूडपाशी थांबते.

उष्णतेकडे लक्ष ठेवा. इथिलीनच्या पॉलिमरायझेशनमध्ये मोलमागे 95 किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते. 1.2 ग्रॅम पॉलिमर बनलं तर साधारण 4 किलोज्यूल, आणि ती बाथने ओढून घेतली नाही तर 100 मिलिलिटर टोल्युइन सत्तावीसेक अंशांनी तापेल. तापमान बदललं की साखळीची लांबी बदलते, म्हणून तापमापी आतच हवा. पहिल्या वेळी दहा मिनिटं पुरे.

पायरी 5: थांबवणं आणि धुणं

इथिलीन बंद, नायट्रोजन सुरू. मग 5 मिलिलिटर मिथेनॉल थेंब थेंब. मिथेन सुटतो, फेस येतो, घाई करू नका. फेस थांबला की सगळं 200 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ओता, ज्यात 5 टक्के तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं आहे, आणि रात्रभर ढवळत ठेवा.

ही रात्र वाचवायचा मोह मुलांना होतोच. तुमच्या एमएओमधलं 5 मिलिमोल अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड होऊन पॉलिमरमध्ये राहिलं तर 255 मिलिग्रॅम भरतं. 1.2 ग्रॅम पॉलिमरवर ही वीस टक्क्यांहून मोठी चूक झाली, आणि तीही तुमचा निकाल चांगला दाखवणारी. आम्लाने ते विरघळून जातं. नंतर गाळा, मिथेनॉलने तीनदा धुवा, 60 अंशांवर निर्वातात वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

सिरिंजमध्ये, बाटलीत उरलेला एमएओ सिंकमध्ये ओतायचा नाही. टोल्युइनने पातळ करून, बर्फात ठेवून, नायट्रोजनखाली आधी आयसोप्रोपेनॉल, मग मिथेनॉल, अगदी शेवटी पाणी.

पायरी 6: काय मिळालं ते तपासा

समजा दहा मिनिटांत 1.2 ग्रॅम मिळालं. सक्रियता म्हणजे 1.2 ग्रॅम भागिले 5 मायक्रोमोल, भागिले एक षष्ठांश तास: 1440 किलो, दर मोल झिर्कोनियममागे, दर तासाला. आकड्यासोबत दाब आणि तापमान लिहिलं नाही तर तो आकडा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही.

डीएससीवर, म्हणजे नमुना तापवत उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, वितळणबिंदू 130 ते 135 अंशांच्या दरम्यान आला तर साखळी सरळ आहे. वितळण-उष्णतेला 293 ज्यूल प्रति ग्रॅमने भागलं की स्फटिकी भाग कळतो. 190 आली तर 65 टक्के. रेणुभारासाठी मात्र साधं जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारं यंत्र) चालत नाही. हे पॉलिमर थंड द्रावकात विरघळतच नाही, ट्रायक्लोरोबेंझीन 135 अंशांच्या वर तापवून चालणारं यंत्र लागतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांत आधी विचारून ठेवा. वक्र अरुंद, म्हणजे पॉलिडिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतला फरक सांगणारा आकडा) 2 च्या जवळ आली, तर एकच सक्रिय जागा काम करत होती. ती 5 वर गेली तर तापमान हललं, ढवळणं कमी पडलं, किंवा दुसरंच काहीतरी घडलं.

झिर्कोनियम न घालता नुसत्या एमएओवर एक कोरा प्रयोगही करा. त्यात काहीच मिळता कामा नये. मिळालं, तर भांड्यात जुन्या प्रयोगाचा धातू राहिला आहे, झीग्लरांच्या निकेलसारखा. ते भांडं धुण्याआधी वहीत नोंद करा.

यश आल्यावर

हाच उत्प्रेरक घेऊन एकदा प्रोपिलीन वापरून पाहा. पांढरी भुकटी मिळणार नाही, चिकट, रंगहीन लगदा मिळेल. झिर्कोनोसीनची दोन्ही वलयं मोकळी फिरतात, त्यामुळे प्रोपिलीनचा मिथाइल गट कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडतो आणि साखळ्या नीट रचल्या जात नाहीत. मग वलयं एका पुलाने बांधलेला, दोन इंडेनाइल गटांचा झिर्कोनोसीन घ्या, ज्या प्रकारावर ब्रिंट्झिंगर आणि कामिन्स्की यांनी 1985 मध्ये काम दाखवलं. पूल असल्यामुळे धातूभोवतीची जागा वाकडी पण ठाम होते आणि प्रत्येक प्रोपिलीनला एकाच पद्धतीने बसावं लागतं. तेच टोल्युइन, तोच एमएओ, तीच नळी, आणि या वेळी फ्लास्कमध्ये घन पांढरं पॉलिमर येतं. दोन्ही नमुने काचेच्या दोन चकत्यांवर शेजारी शेजारी ठेवा आणि बोटाने दाबून पाहा. माझ्या टेबलावर ती जोडी कायम असते. नवीन मुलं आली की रेणूची रचना सांगणारा एनएमआरचा आलेख दाखवण्याआधी मी त्यांना तिला हात लावायला सांगते.